पऱ्हाटीला कचरा म्हणणारे तुम्ही कोण?

तीन वर्षांत एक लाख टन कार्बन डायऑक्साइड! मायक्रोसॉफ्ट आणि 'वराह' या भारतीय कंपनीच्या जानेवारी 2026 मधल्या कराराचा हा आकडा. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांकडची कापसाची पऱ्हाटी घ्यायची, कमी ऑक्सिजनमध्ये तापवून तिचा बायोचार म्हणजे कोळसा करायचा आणि तो मातीत मिसळायचा. धूर होऊन उडाला असता तो कार्बन शेकडो वर्षं जमिनीत राहतो. त्याचं क्रेडिट मायक्रोसॉफ्ट विकत घेतं.

'कचऱ्यातून सोनं' म्हणत अशी बातमी आपण लगेच पुढे पाठवतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, सवयीने आधी भागाकार करतो. जग इंधन जाळून वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे मिनिटाला 70 हजार टन. तीन वर्षांची ही मेहनत जगाचा दीड मिनिटाचा धूर पुसते. आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं उत्सर्जन 2020 च्या तुलनेत 23 टक्क्यांहून जास्त वाढलंय, हे तिच्याच 2025 च्या अहवालात आहे. माझी रोजीरोटी डेटा सेंटरांवरच चालते, म्हणून हा प्रश्न मलाही लागू आहे.

तंत्र खोटं नाही. शेतात पेटवून देण्यापेक्षा भट्टी बरी. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी वेळेत काढावीच लागते. पण बायोचार सहसा अल्कधर्मी असतो आणि आपली काळी जमीनही बहुतेक तशीच. आम्लधर्मी, रेताड जमिनीत दिसलेला फायदा इथे गृहीत धरू नका.

माझा खरा आक्षेप 'कचरा' या शब्दाला आहे. कंधारकडे पऱ्हाटी म्हणजे चुलीचं सरपण. ज्यांना शेत नाही, त्या बाया मोळी बांधून ती घरी आणतात. आपल्या मोहल्ल्यांत अशी घरं कमी नाहीत. पऱ्हाटी भट्टीत गेली तर त्यांनी सिलिंडर घ्यायचा की बाभूळ तोडायची? तो धूर हिशेबात कोण धरणार? शेतकऱ्याला पैसे मिळतील, मोळीवालीला काय?

मित्रांनो, उद्या कंपनीची माणसं आपल्या गावात आली तर टाळ्या नकोत, आणि हाकलूनही देऊ नका. ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा : टनामागे शेतकऱ्याला किती, आपल्या जमिनीवरच्या चाचणीचे निकाल आणि सरपण गेलेल्या घरांची सोय. उत्तरं मिळाली तर कंपनी कामाची. नाही मिळाली, तर समजा की सोनं दुसरीकडे गेलं आणि आपल्या वाट्याला थंड चूल आली.