विरजणाची वाटी कोण घासतं?

आम्हा इंदूरकरांना स्वच्छतेचं वेड आहे. २०१७ पासून देशात पहिला नंबर मिळत राहिला, तेव्हापासून तर ते अंगातच भिनलंय. याच वेडापायी यंदाच्या पावसाळ्यात माझ्या हातून तीन मासे गेले.

नातीच्या वाढदिवसाला तीस लिटरची काचेची टाकी आणि पाच गोल्डफिश घरी आले. दर रविवारी मी मासे बादलीत काढायचे. टाकी, खडे, फिल्टरमधला स्पंज, सगळं नळाखाली खसाखसा धुवायचे आणि ताजं पाणी भरायचे. पाणी अगदी आरशासारखं! तिसऱ्या शनिवारी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. दोन दिवसांत तीन गेले.

“आजी, आपण तर दर रविवारी धूत होतो ना गं?” नातीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय! नायट्रोजन चक्र तर दरवर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढायचे.

उत्तर त्याच फळ्यावर होतं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो विरून जातो, टाकीत साचतो. त्याला रंग नसतो, म्हणून पाणी नितळ दिसतं, पण आत माशाचे कल्ले होरपळत असतात.

यावर निसर्गाचा उपाय म्हणजे जिवाणू. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. मग नायट्रोस्पिरासारखे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं. थोडं पाणवनस्पती शोषून घेतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढायचं. मातीतही हेच काम चालतं. तिथले हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

मुलांना मी माती, शेंगवर्गीय पिकं, वीज असं सगळं शिकवलं. आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीतही तेच चक्र फिरायला हवं, हे मात्र कधी डोक्यातच आलं नाही.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजवर ते वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी ती दर रविवारी मोडत होते, तीही क्लोरीनच्या पाण्याने! क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं. त्याला चांगला-वाईट जिवाणू कळत नाही.

माझ्या मैत्रिणीकडे चार वर्षांची जुनी टाकी आहे. तिच्या फिल्टरमधल्या मळकट स्पंजचा एक तुकडा मी डब्यात टाकीचंच पाणी घालून आणला आणि आमच्या फिल्टरमध्ये बसवला. नातीला म्हटलं, “हे विरजण समज. पातेली रोज घासावीत, पण विरजणाची वाटी कोण घासतं?” तिला लगेच पटलं.

आता आठवड्याला पाव टाकीच पाणी बदलते. नव्या पाण्यात क्लोरीन घालवणारे थेंब टाकते. स्पंज फारच भरला, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळते. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालते. तपासणीच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसत आहेत. गोल्डफिश चांगले मोठे होतात आणि घाणही भरपूर करतात, त्यामुळे तीस लिटर दोघांनाही अपुरंच. परवा मोठी टाकी आली. जुना स्पंज आधी तिच्यात गेला, मग मासे.

नातीच्या प्रश्नाचं उत्तरही मी तिला देऊन टाकलं: “चूक माशांची नव्हती आणि तुझीही नव्हती. आजीचं धुणं जास्त झालं.” ती काही बोलली नाही. नव्या टाकीवर मात्र तिने चिठ्ठी चिकटवली आहे – ‘स्पंज धुऊ नये’.

दिवाळीची साफसफाई आता तोंडावर आली आहे. घर लख्ख करा. तुमच्याकडे मासे असतील, तर तेवढा स्पंज सोडून!