भूगर्भाचें दप्तर

शेताच्या पृष्ठभागाची मोजणी होऊन त्याचा सात-बारा घरोघरीं असतो. परंतु त्याच शेताखालीं दोनशें फुटांवर काय आहे, याचा उतारा शेतकऱ्यास सहसा कोठें मिळत नाहीं. आमच्या वऱ्हाडास हें अज्ञान फार महाग पडत आहे.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यांत गाळाचे खोल थर असून त्यांतील पाणी पुष्कळ ठिकाणीं खारें आहे. यासच खारपाणपट्टा म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशीं गोट्यावाळूचा थर लागतो, तर इतरत्र काळ्या खडकाच्या भेगांतून मिळेल तेवढेंच पाणी. वरुड-मोर्शीकडे संत्र्यांच्या बागांपायीं उपसा एवढा वाढला कीं विंधनविहिरी खोल खोल जात आहेत. त्यांतून खारें पाणी सर्वत्र एकाच खोलीवर लागतें असेंहि नाहीं. खोदणाऱ्यानें खारा थर ओळखून तेथें केसिंगची नळी नीट बसविली नाहीं, तर तें पाणी गोड थरांत उतरतें व शेजाऱ्याचीहि विहीर नासते.

यंत्रावरील माणूस प्रत्येक थर डोळ्यांनीं पाहतो. काम आटोपलें कीं तो दुसऱ्या जिल्ह्यांत जातो आणि त्याचें ज्ञानहि त्याच्याबरोबर जातें. शेजारचा शेतकरी पुन्हा कर्ज काढून आंधळेपणानेंच खोदतो. भोंक कोरडें निघालें तरी कर्ज राहतेंच!

सरकार स्वस्थ बसलें आहे असें नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 पासून चालू आहे. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. आणि डिसेंबर 2023 मध्यें राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारहि उघडलें. परंतु त्याचा रोख खनिजांकडे आहे. गांवच्या विंधनविहिरीस तेथें जागा नाहीं. इंग्लंडांत 1926 च्या कायद्यानें शंभर फुटांहून खोल खाणी-भोंकांची, व 1945 च्या कायद्यानें पन्नास फुटांहून खोल विहिरींची खबर भूवैज्ञानिक खात्यास देणें बंधनकारक झालें. आज त्या दप्तरांत दहा लाखांहून अधिक नोंदी असून बहुतेक कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानें यंत्रमालकांची नोंदणी सांगितलीच आहे. त्याच दोरीनें प्रत्येक भोंकाचा थरवार तक्ता घ्यावा.

मात्र तक्ता एकाच साच्याचा हवा. एक जण मुरूम लिहितो, दुसरा त्यासच कच्चा दगड म्हणतो. कोणी फुटांत मोजतो, कोणी मीटरांत. कोणी जमिनीपासून, कोणी नळीच्या तोंडापासून. अशा हजार कागदांचा एक नकाशा होत नाहीं. शिवाय यंत्रें पुष्कळदां तामिळनाडूकडील, कामगारांस मराठी येत नाहीं. तेव्हां शब्दांऐवजीं नमुन्याच्या दगडांची पेटीच त्यांच्या हातीं दिलेली बरी.

"खारें पाणी कागदावर चढलें तर जमिनीचा भाव उतरेल," असें कांहीं जण म्हणतात. भीति खरी आहे. पण ती जमीन घेणाराहि कोणाचा तरी बापच असतो, आणि नकाशावर मालकाचें नांव छापण्याचें कारणच नाहीं.

पालकांपैकीं ज्यांच्या शेतांत यंदा यंत्र येणार असेल, त्यांनीं दर दहा फुटांस निघणारी माती कागदाच्या पुडींत बांधून वर खोली व तारीख लिहून ठेवावी. हायस्कुलांतील मुलास हें काम सहज जमेल.