मोरीची नळी

जुन्नर-आंबेगांवकडील पुष्कळ जुन्या वाड्यांच्या भिंती मातीच्या आहेत. भीमाशंकराच्या बाजूचा मुसळधार पाऊस सर्वांस दिसतो. पण मोरीखालच्या जीर्ण नळींतून रोज झिरपणारें पाणी भिंत खचेपर्यंत दिसत नाहीं. यास्तव नळी बदलण्याचें काम क्षुल्लक मानूं नये.

प्रथम मोरीच्या तोटीचा बाहेरील व्यास मोजावा. नळीचा आंतील व्यास नेमका तितकाच हवा. वळ्यावळ्यांची नळी स्वस्त खरी, पण तिच्या खांचांत तेलकट गाळ सांचतो. पातळ नळी कढत पाण्यानें मऊ पडून दुमडते. म्हणून आंतून गुळगुळीत व अंगांत तारेचा वेढा असलेली, उष्णता सोसणारी नळीच पसंत करावी.

शिडाच्या जुन्या नौकेवरही हाच नियम आहे. नाविकाच्या बसण्याच्या खोलगट जागेंतील पाणी बाहेर सोडणारी नळी निसटली, तर उलट समुद्रच आंत शिरतो. म्हणून जाणते दर्यावर्दी तिच्या प्रत्येक टोकास न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन-दोन पट्ट्या आवळतात. गृहस्थानेंही तसेंच करावें.

नळी मध्यें लोंबूं देऊं नये. चाळीस इंचांस एक इंच उतार ठेवावा. नाणेघाटांतील प्राचीन टाक्यांचें काम पाणी राखण्याचें, मोरीचें काम तें निःशेष सोडण्याचें. शेवटीं दोन बादल्या पाणी एकदम ओतून सांध्यांवरून हात फिरवावा. हात कोरडा राहिला, म्हणजे भिंतीची चिंता मिटली.