काडतुसाचा हिशेब

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे कांद्याच्या लिलावासाठी आणि शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या फाट्यासाठी महाराष्ट्रास परिचित आहे. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्याच्या उमरटी गावाहून निघून चोपडा, जळगाव, छत्रपती संभाजीनगर अशा मार्गाने पुण्याकडे येणारी एक वाट याच गावावरून जाते, ही त्याची तितकीशी परिचित नसलेली बाजू. उमरटी हे गावठी पिस्तुले घडविणाऱ्या भट्ट्यांचे गाव. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तेथवर जाऊन त्या भट्ट्या मोडल्या, तेव्हा या व्यापाराची व्याप्ती पुन्हा एकदा सर्वांच्या नजरेस आली. या वाटेवरील जिल्ह्यांच्या पोलिसवृत्तांत एक वाक्य जणू ठशासारखे ठरून गेले आहे: ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत.’ वाचकाचे लक्ष कट्ट्याकडे जाते आणि शासनाचेही. वस्तुतः विचार व्हावयास हवा तो त्या दोन काडतुसांचा.

ज्या दोन वस्तू एकमेकींवाचून निरुपयोगी असतात, त्यांपैकी दुर्मीळ कोणती यावर नियंत्रणाचे यश अवलंबून असते. कट्टा ही दुर्मीळ वस्तू नव्हे. लोखंडाची नळी, भाता, कानस आणि पिढीजात हात एवढ्यावर तो घडतो. एक भट्टी मोडली तर दुसरी पेटते. काडतुसाचे तसे नाही. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, निर्धूर दारू आणि पुढे गोळी, असे त्याचे चार घटक. यांपैकी गोळी सर्वांत सोपी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि ठासणीच्या बंदुकीसाठी छर्रे ओतण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. टोपी व निर्धूर दारू मात्र रसायनउद्योगाची अपत्ये आहेत. ती भट्टीवर निपजत नाहीत.

हाताने भरलेल्या काडतुसांचा अनुभव हेच सांगतो. अमेरिकेत नेमबाज घरी काडतुसे भरतात आणि ओतीव शिशाच्या गोळ्या वापरतात. पण त्यांच्यापाशी सूक्ष्म तराजू, मापनयंत्रे आणि दारूच्या प्रमाणांची छापील कोष्टके असतात. तरीही दोष निघतातच. गोळी नळीच्या मापाहून केसभर बारीक उतरली, तर तप्त वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे नळीच्या आट्यांत चिकटते आणि नेम ढळतो. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. ते न कळता पुढचा बार काढला तर नळी फुटते. दारू अधिक पडली, तर बंदूक धरणाऱ्याचाच हात जातो. शिशाची धूळ व वाफ शरीरात साचते ती निराळीच. जेथे नळीलाच निश्चित माप नाही, अशा कट्ट्यासाठी हा उद्योग आत्मघातकी ठरतो. साहजिकच गुन्हेगाराची ओढ कारखान्यात बनलेल्या काडतुसाकडे असते; आणि ते कोणत्या तरी कायदेशीर दारातूनच बाहेर पडलेले असते.

आपला कायदा या बाबतीत ढिला आहे असे म्हणता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि निर्मितीची यंत्रेही येतात. परवान्याविना निर्मिती हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. या कडकपणाने नेमबाजीची हानी होते, असा आक्षेप क्वचित घेतला जातो. तो फारसा टिकत नाही. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात मिळविलेले सुवर्ण आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला मिळविलेले कांस्य, ही दोन्ही पॉइंट टू-टू काडतुसांवरची कमाई होय. त्या काडतुसात पेटणारे द्रव्य पुंगळीच्या काठातच भरलेले असते, त्यामुळे ते व्यवहारतः पुन्हा भरताच येत नाही. नेमबाजांची खरी अडचण आयात काडतुसांच्या किमतीची आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे.

शिक्षा वाढली, हिशेब मात्र वाढला नाही. २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची संख्या हजारावर गेल्याची चर्चा राज्यभर झाली आणि अनेक परवाने रद्दही झाले. त्या परवान्यांवर काडतुसे किती घेतली गेली व त्यांतली किती उडाली, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ कोणी विचारला नाही. बंदुकीला क्रमांक असतो. काडतूस एकदा पेटीबाहेर पडले की ते अनाम होते.

ब्राझीलने या अनामिकतेवर एक उपाय योजला. २००३ च्या कायद्याने तेथे पोलीस व लष्कराला विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या बुडावर संचाचा क्रमांक ठोकणे बंधनकारक झाले. रिओतील नगरसेविका मारिएल फ्रांको यांची १४ मार्च २०१८ रोजी हत्या झाली, तेव्हा सापडलेल्या पुंगळ्यांवरून तो संच २००६ मध्ये तेथील संघीय पोलिसांना विकला गेला होता, हे अल्पावधीत कळले. मारेकरी त्यावरून सापडले नाहीत, हे खरे. पण गळती सरकारी कोठारातून झाली, हे नाकारण्याची सोय उरली नाही. अशी सोय गमावणे कोणत्याही खात्याला रुचत नाही, आणि कदाचित म्हणूनच या उपायाचे अनुकरण फारसे झाले नसावे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हे दूरचे प्रकरण नाही. १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि वरणगावचा कारखाना, दोन्ही याच राज्यात आहेत, आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहेत. खाजगी उद्योगही या क्षेत्रात उतरला असून कानपूरचा अदानी समूहाचा प्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उत्पादक मोजके आहेत तोवरच संचक्रमांकाची अट घालणे सोपे. त्यांची संख्या वाढल्यावर ती घालणे दुष्कर होईल. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत असल्यामुळे ही अट केंद्रानेच घालावयास हवी. परंतु सर्वसाधारण परवाने देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी आहे. नूतनीकरणासाठी अर्ज आला की विकत घेतलेल्या काडतुसांचा जमाखर्च आणि रिकाम्या पुंगळ्या समोर ठेवावयास सांगणे, त्या विक्रेत्यांच्या वह्यांशी ताडून पाहणे आणि तफावत आढळल्यास परवाना रोखणे, एवढे काम अहिल्यानगर आणि बीडच्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांत दिल्लीच्या आदेशाची वाट न पाहता सुरू करता येण्याजोगे आहे.