एकाच रुग्णाचे दोन केसपेपर

दारूच्या वा गर्दच्या आहारी गेलेल्या माणसाची सोय लावण्याचे काम आपल्या राज्यव्यवस्थेत सामाजिक न्याय खात्याकडे आहे, नैराश्याने खचलेल्या, भासांनी पछाडलेल्या किंवा उन्मादाने बेभान झालेल्या माणसाच्या औषधोपचाराचे काम आरोग्य खात्याकडे आहे, आणि दारूच्या विक्रीवरील महसूल गोळा करण्याचे काम या दोहोंहून निराळ्या अशा उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. परंतु ज्याच्या नशिबी व्यसन आणि मनोविकार ही दोन्ही दुखणी एकदमच आली, त्याचा वाली कोण, याचा उलगडा यांपैकी कोणत्याही खात्याच्या दप्तरात होत नाही. असा माणूस हजारात एखादाच असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. अमेरिकेत वीस हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसून आले, की दारूच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा दुसरा एखादा मनोविकारही झालेला होता, इतर मादक पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होते, आणि उन्माद व नैराश्य यांच्या आवर्तनांत सापडणाऱ्या बायपोलर रुग्णांपैकी ५६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या व्यसनात गुंतलेले होते. परदेशचे आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या गावाला लावू नयेत, हे खरे. तथापि ज्याने आपल्याकडील एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात काही काळ डोळे उघडे ठेवून घालवला आहे, त्याला ही माणसे दाखवावी लागत नाहीत.

या माणसाची कैफियत थोडक्यात अशी असते. तो मनोविकारतज्ज्ञाकडे गेला, तर तोंडाला येणारा दारूचा वास जाणवताच ‘आधी दारू सोडा, मग या’ असे त्याला पुष्कळदा ऐकावे लागते. दारू सोडण्यासाठी तो केंद्रात गेला, तर त्याला ऐकू येणारे आवाज किंवा त्याची आत्महत्येची भाषा ऐकून तेथील मंडळी बिचकतात आणि ‘यांना आधी मनाच्या डॉक्टरकडे न्या’ म्हणून त्याची रवानगी करतात. या येरझारांत घरच्यांचे पैसे संपतात, रजा संपतात, आणि त्याहूनही लवकर धीर संपतो. दोन्हीकडची माणसे बहुधा सज्जन असतात आणि आपापल्या शास्त्राला धरूनच बोलत असतात; परंतु एका जिवाचे दोन दुखण्यांत विभाजन करून ‘आधी ते, मग हे’ असा क्रम ठरवणे, हीच मुळात चिकित्सेची चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी माणसाला दारूच्या सर्वनाशाचे चित्र ज्या नाटकाने कायमचे दाखवून ठेवले, त्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. प्रेक्षक शंभर वर्षे त्या प्याल्याकडेच पाहत आले. पण नाटकाचा नायक सुधाकर याच्या ओठांना पहिला प्याला लागण्यापूर्वी काय घडले, हे नाटककाराने स्वच्छ लिहून ठेवले आहे. तीव्र बुद्धीचा, अतिशय मानी असा हा वकील न्यायालयात अपमानित होतो, त्याची सनद काही काळापुरती जाते, आणि त्या जळजळीवर उतारा म्हणून मद्यपी तळीराम त्याच्यापुढे दारू धरतो. पुढे दारू सोडण्याचा निश्चय करून तो कामधंद्याच्या शोधात बाहेर पडतो, तेव्हा पुन्हा वाट्याला येते ती अवहेलना, आणि तीच त्याला परत प्याल्याकडे लोटते. म्हणजे आरंभीही मनाची जखम आणि पुनःपतनाच्या वेळीही मनाची जखमच. गडकऱ्यांनी जे नाट्यदृष्टीने हेरले, ते आपल्या उपचारव्यवस्थेने अद्याप पुरतेपणी आत्मसात केलेले नाही.

मात्र येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे, कारण या विषयात उतावीळपणाही तितकाच घातक असतो. दारू पिणाऱ्या प्रत्येकाचे औदासीन्य हा स्वतंत्र मनोविकार नव्हे. दारू स्वतःच मेंदूला मरगळ आणणारी आहे. ती नित्य पिणाऱ्याची झोप, भूक आणि उमेद ती हळूहळू खाऊन टाकते, आणि केंद्रात दाखल झालेल्या दिवशी तो माणूस पाहिला तर त्याला नैराश्याचा आजार आहे, असेच कोणीही म्हणेल. सँड्रा ब्राऊन व मार्क शुकिट या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दाखल होतेवेळी दारूग्रस्त पुरुषांपैकी ४२ टक्क्यांत नैराश्याची लक्षणीय तीव्रता आढळली होती. चार आठवडे दारूविना काढल्यावर ती केवळ ६ टक्क्यांत उरली. म्हणून अनुभवी डॉक्टर पहिल्या काही दिवसांत निदानाचा शिक्का मारण्याची घाई करीत नाहीत, तर घरच्यांकडून इतिहास खोदून काढतात. दारू सुरू होण्यापूर्वी, किंवा मध्येच सहा-आठ महिने दारू सुटली असताना, या माणसाचे मन कसे होते, घराण्यात कोणाला असा आजार होता काय, ही चौकशी रक्ताच्या कोणत्याही तपासणीपेक्षा मोलाची असते.

पण थांबणे याचा अर्थ सोडून देणे असा नव्हे, आणि जे ६ टक्के उरले त्यांचे काय, हाच तर प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. शिवाय काही गोष्टींत चार आठवडे वाट पाहणे म्हणजे माणूस गमावणे होय. जो जीव देण्याची भाषा करतो, त्याचा इलाज त्याच दिवशी सुरू व्हावा लागतो. जो वर्षानुवर्षे पिऊन एकाएकी दारू बंद करतो, त्याला काही तासांत कापरे भरते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास क्वचित असा भ्रम होतो, की भिंतीवर किडे, दारात माणसे दिसू लागतात, आपण कोठे आहोत याचे भान राहत नाही, ताप व घाम येतो, आणि इस्पितळात योग्य औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व वेळेवर मिळाले नाही, तर मृत्यूही ओढवतो. खेड्यापाड्यांतून अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ समजून देवऋषी गाठला जातो आणि जे दोन दिवस मोलाचे, तेच अंगाऱ्याधुपाऱ्यात जातात. आणि ज्याविषयी आपल्या समाजात फारसे बोललेच जात नाही, तो म्हणजे बायकोवरचा संशय. दारूड्याचा संशय हा दारू उतरली की जाईल, असे सासर-माहेर दोन्हीकडे सांगितले जाते. परंतु कित्येकांत तो दारू सुटल्यावरही तसाच पक्का राहतो, तो भ्रमाचा आजार असतो, त्याला औषध लागते, आणि ते न मिळाल्यास त्या घरातील स्त्रीच्या जिवाला असलेला धोका नवरा ‘सोबर’ झाल्याने टळत नाही.

मानसिक आजारावरील गोळ्यांविषयी व्यसनमुक्तीच्या मंडळींत जी अढी दिसते, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘गोळ्या घेणे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे’, हे वाक्य अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या गटांच्या मीटिंगांतून, वॉर्डांतून आणि घराघरांतून ऐकू येते. ते सर्वस्वी निराधार नाही. झोपेच्या आणि तात्काळ धडधड शमवणाऱ्या काही गोळ्यांची खरोखरच सवय लागते, आणि दारू सोडून या गोळ्यांच्या पाकिटांत अडकलेली माणसे प्रत्येक केंद्राने पाहिलेली आहेत. परंतु नैराश्यावरील औषधे, बायपोलर विकारावरील लिथियम, स्किझोफ्रेनियावरील औषधे यांची नशा चढत नाही आणि त्यांच्यासाठी कोणी घरातील भांडी विकत नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजून ‘सगळ्या गोळ्या बंद कर, तरच तू खरा मुक्त’ असा हुकूम एखाद्या जुन्या, आदरणीय सदस्याने नव्या मुलाला द्यावा, त्याने तो श्रद्धेने पाळावा आणि महिन्या-दीड महिन्यात आजार उसळून तो पुन्हा पिऊ लागावा, हे फार वेळा घडते. आणि मग त्याच्या वाट्याला ‘इच्छाशक्ती कमी पडली’ हा ठपका येतो.

या सदस्यांनी आपल्या चळवळीचाच इतिहास स्मरावा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा आरंभ १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे ज्या दोघांच्या भेटीतून झाला, त्यांपैकी बिल विल्सन हे दारू कायमची सुटल्यानंतरही, विशेषतः १९४४ नंतरच्या दशकात, तीव्र नैराश्याने वर्षानुवर्षे जर्जर झाले होते आणि त्यांनी त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाचे साह्य घेतले होते. या चळवळीच्या बारा पायऱ्या ज्यांनी शब्दबद्ध केल्या त्यांनाही त्या पायऱ्यांखेरीज आणखी काही लागले, यात त्या पायऱ्यांना कमीपणा येत नाही. या संघटनेच्या स्वतःच्या पुस्तिकेतही, कोणा सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये, असे बजावलेले आहे. महाराष्ट्रातील मीटिंगांच्या व्यासपीठावरून हे वारंवार आणि मोठ्याने सांगितले गेले पाहिजे.

याच्या अगदी उलट टोकाचा अपराध म्हणजे ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींना भुलून चहात वा भाजीत पूड मिसळणे. या पुड्यांत डायसल्फिराम असल्यास आणि माणूस त्यावर दारू प्याल्यास त्याचा चेहरा तापतो, उलट्या होतात, रक्तदाब एकाएकी उतरतो, आणि हृदय दुबळे असल्यास प्राणही जातो. त्यातून तो स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल, तर याच औषधाने त्याचे भास-भ्रम उफाळू शकतात, आणि ‘घरचे माझ्या अन्नात काहीतरी कालवतात’ हा त्याचा भ्रम या वेळी शब्दशः खरा ठरलेला असतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने दिलेले हेच औषध अनेकांना उपयोगी पडले आहे. चोरून दिले, की तो विश्वासघात होतो.

आपल्याकडे दोन्ही दुखणी एकत्र पाहण्याची परंपराच नाही, असे मात्र नाही. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता अवचट या तेथे मनोविकारतज्ज्ञ होत्या, त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या साथीवर लिहिले होते, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या देणगीने त्या कामाला हात दिला. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता रुग्ण समजावे, हा विचार आज ज्या सहजतेने आपण मांडतो, त्याची मराठी मुलखातली पायाभरणी अशी मनोविकारशास्त्राच्या अंगणातच झालेली आहे. पुढे व्यसनमुक्ती केंद्रे गावोगाव निघाली. त्यांतील काही उत्तम आहेत, पण कित्येकांत मनोविकारतज्ज्ञाचे पाऊल महिनोन्महिने लागत नाही आणि ‘ट्रीटमेंट’च्या नावाखाली कोंडणे व मारणे चालते, हेही आपण सर्वजण जाणतो.

कायदा या बाबतीत कारभाराच्या पुढे गेलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव केला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि त्याचे जिल्हास्तरीय रूप १९९६ पासून अस्तित्वात आहे. असे असूनही केंद्र सरकारच्याच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसते, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकारांबाबत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ८६ टक्के आढळले. जेथे एका दुखण्याचीच ही अवस्था, तेथे दोन दुखण्यांच्या माणसाला कोण विचारणार?

म्हणून माझी मागणी अवास्तव भव्य नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रात ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ आलाच पाहिजे, अशी अट अनुदानाच्या मंजुरीतच घालावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात व्यसनाचा समुपदेशक बसवावा. आणि आरोग्य व सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांनी मिळून रुग्णाचा एकच केसपेपर चालवावा, म्हणजे केंद्रातून घरी निघताना त्याच्या हाती जो कागद पडेल त्यावर मीटिंगचा पत्ता आणि गोळीचे नाव शेजारी शेजारी असेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन सचिवांनी एका मेजाशी बसण्याची तसदी घेतली, की पुरे.

आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना एवढेच सांगणे, की मनाच्या डॉक्टरपासून दारू लपवू नका आणि दारूच्या केंद्रापासून मनाचा आजार लपवू नका. चालू गोळ्या कोणाच्याही उपदेशावरून, तो कितीही थोर असो, डॉक्टरला विचारल्यावाचून बंद करू नका. आणि तो पुन्हा प्यायला, तर ठपका ठेवण्याआधी गेल्या महिनाभरात त्याला झोप लागत होती का, तो गप्प गप्प होता का, औषध चुकत होते का, हे एकदा विचारा. कोणाकडे जावे हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यावर मराठीतून बोलता येते.