करसवलत संपली, वायू बदलला : अमेरिकी घरमालकांपुढे हीट पंपाचा पेच

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेत घरगुती हीट पंप बदलणाऱ्यांना मिळणारी केंद्र सरकारची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपुष्टात आली. त्यापूर्वी वर्षभर, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून, आर-४१०ए हा शीतक वायू वापरणाऱ्या नव्या घरगुती संचांचे उत्पादन आणि आयात बंद झाली होती. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेले संच याच सुमारास आयुष्याच्या अखेरीस येत असल्याने तेथील असंख्य कुटुंबांपुढे एकच प्रश्न उभा आहे : जुने यंत्र दुरुस्त करावे की बदलावे, आणि बदलायचे तर कोणते घ्यावे? हा प्रश्न वरकरणी घरगुती खरेदीचा वाटला तरी त्याची उकल वॉशिंग्टनमधील दोन निर्णयांशी जोडलेली आहे.

हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एअर कंडिशनर. उन्हाळ्यात तो घरातील उष्णता बाहेर फेकतो, तर हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता खेचून घरात आणतो. उष्णता निर्माण करण्याऐवजी ती केवळ वाहून नेली जात असल्याने एक युनिट विजेत साधारणपणे दोन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. दोन्ही कॅरोलिना, टेनेसी, अलाबामा या दक्षिणेकडील राज्यांत ही यंत्रे कित्येक दशकांपासून रूढ आहेत. २०२२ मध्ये तर देशभरातील हीट पंपांच्या विक्रीने गॅस फर्नेसलाही मागे टाकले. रॅले किंवा अटलांटा परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे यंत्र परिचयाचे आहे.

पहिला पेच शीतक वायूचा. आर-४१०ए ओझोनच्या थराला अपाय करीत नाही. परंतु तापमानवाढीची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे. २०२० च्या कायद्याचा आधार घेऊन अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नव्या संचांसाठी ही मर्यादा ७०० पटींवर आणली. परिणामी बाजारात आता प्रामुख्याने आर-४५४बी आणि आर-३२ हे वायू वापरणारे संच आहेत. हे दोन्ही वायू सौम्य ज्वलनशील असल्याने संचाची रचना आणि सुरक्षेचे नियम वेगळे आहेत. नवा वायू जुन्या यंत्रात भरता येत नाही. संक्रमणाची झळही लगेच जाणवली. २०२५ च्या उन्हाळ्यात आर-४५४बीच्या सिलिंडरांची टंचाई निर्माण होऊन त्यांचे दर भडकले.

अर्थात, जुना संच वापरणे बेकायदा ठरलेले नाही आणि दुरुस्तीसाठी आर-४१०ए उपलब्ध आहे. मात्र या गटातील वायूंचे उत्पादन व वापर २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवण्याचे कायदेशीर उद्दिष्ट असल्याने तो उत्तरोत्तर महाग होण्याचीच चिन्हे आहेत. आर-२२ चे उत्पादन आणि आयात २०२० मध्ये बंद झाली, तेव्हाही असाच अनुभव आला होता. म्हणूनच दोष पंखा, कपॅसिटर किंवा सर्किट बोर्डाचा असेल तर दुरुस्ती शहाणपणाची. कॉइलमधून गळती होत असेल किंवा कॉम्प्रेसरच निकामी झाला असेल, आणि यंत्राने दहा वर्षे ओलांडली असतील, तर दरवर्षी गॅस भरत राहणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. केवळ बाहेरचा भाग बदलून पैसे वाचवण्याचा मोहही अनेकदा अंगलट येतो. कारण यंत्राची प्रमाणित कार्यक्षमता आतला व बाहेरचा भाग एकमेकांना अनुरूप असतील तरच मिळते.

दुसरा पेच पैशांचा. २०२२ च्या कायद्यानुसार पात्र हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, कमाल दोन हजार डॉलर, करातून वजा होत. जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही सवलत निर्धारित मुदतीच्या सात वर्षे आधी गुंडाळली. आता मदार आहे ती काही राज्यांच्या आणि वीज कंपन्यांच्या योजनांवर. अल्प व मध्यम उत्पन्न गटासाठी आठ हजार डॉलरपर्यंतच्या परताव्याची तरतूद आहे. पण ती राज्यांमार्फत राबवली जात असल्याने तिचा लाभ सर्वत्र सारखा नाही.

सवलत गेल्याने कार्यक्षमतेचे गणितही बदलले. नव्या मोजणीनुसार उन्हाळी कार्यक्षमतेचा किमान अंक १४.३ आहे. त्याऐवजी १७ अंकाचे यंत्र घेतल्यास थंडाव्यासाठी लागणारी वीज सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. एखाद्या कुटुंबाचा हा खर्च वर्षाला ६०० डॉलर असेल, तर बचत होईल सुमारे ९५ डॉलरची. पंधरा वर्षांत साधारण १,४०० डॉलरची. किमतीतील फरक याहून अधिक असेल, तर केवळ उन्हाळ्याच्या हिशेबावर महागडे यंत्र परवडत नाही. हिवाळा कडक असलेल्या भागात मात्र हिवाळी कार्यक्षमतेचा वेगळा अंक निर्णायक ठरतो.

या साऱ्या चर्चेत ज्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, तो म्हणजे यंत्राचा आकार. जुना संच चार टनांचा होता म्हणून नवाही चार टनांचाच, किंवा अमुक चौरस फुटांना एक टन, असा ठोकताळा अनेक कंत्राटदार आजही लावतात. दरम्यान खिडक्या बदललेल्या असतात, माळ्यावर उष्णतारोधक थर घातलेला असतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटकन थंड करून बंद पडते. दमटपणा मात्र तसाच राहतो आणि वारंवार चालू-बंद होऊन कॉम्प्रेसर लवकर झिजतो. घराच्या भिंती, खिडक्या, दिशा आणि स्थानिक हवामान यांवरून उष्णतेचा भार काढण्याची ‘मॅन्युअल जे’ ही प्रमाणित पद्धत अमेरिकेत उपलब्ध आहे. तो हिशेब लेखी मागणे ग्राहकाच्या हाती आहे. सर्वसाधारण घरातील डक्टमधून २० ते ३० टक्के हवा गळतीमुळे वाया जाते, हेही लक्षात घ्यावे लागेल. ती गळती बुजवली तर कदाचित लहान आणि स्वस्त यंत्रही पुरेल.

थंडीत हीट पंप निरुपयोगी ठरतो, हा समज आता मागे पडत आहे. कडाक्याच्या हिवाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मेन राज्याने २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवण्याचे लक्ष्य दोन वर्षे आधीच गाठले. मात्र सर्वच यंत्रे सारखी नसतात. उणे १५ अंश सेल्सियसला यंत्र किती उष्णता देते, हा आकडा पाहिल्याशिवाय उत्तरेकडील ग्राहकाने निर्णय घेणे धोक्याचे. क्षमता अपुरी पडली की मदतीला विजेची हीटर पट्टी सुरू होते आणि देयक फुगते. वीज महाग आणि नैसर्गिक वायू स्वस्त असलेल्या भागात जुनी गॅस फर्नेस राखीव ठेवण्याचा पर्यायही व्यवहार्य आहे.

धोरणाची खरी उणीव येथेच दिसते. यंत्र बहुधा ऐन उन्हाळ्यात किंवा गोठवणाऱ्या रात्री बंद पडते. घरात लहान मुले, वृद्ध असतात. जो कंत्राटदार प्रथम येईल आणि त्याच्याकडे जे यंत्र असेल, तेच घेतले जाते. पुढील वर्षी विवरणपत्र भरताना मिळणारी सवलत त्या क्षणी उपयोगी पडत नव्हती. शिवाय ती परतावा म्हणून मिळत नसल्याने ज्यांचा करच नाममात्र, त्यांच्या पदरात फारसे काही पडत नव्हते. ती रद्द झाल्याने तिजोरीचा खर्च वाचेल. पण अडचणीच्या वेळी गरजू कुटुंबाला मदत कशी पोहोचवायची, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

भारतानेही २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून येथील या वायूंची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. आपल्याकडील नव्या स्प्लिट एसींत आर-३२ आधीच रुळला असला, तरी शीतक वायू पुन्हा बदलण्याची वेळ येथेही येईल. वायूचे वेळापत्रक सरकार ठरवते, सवलतीही सरकारच देते आणि काढून घेते. ग्राहकाच्या हाती उरते ती तयारी : यंत्राचे वय माहीत असणे, भाराचा हिशेब करून घेणे आणि यंत्र चालू असतानाच दोन-तीन लेखी दरपत्रके मागवणे.