चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत

वडखळ नाक्यावर अपघात झाला की दहा मिनिटांत निकाल लागतो. टपरीवर कुणीतरी म्हणतं, ‘डायवरला झोप लागली असणार’, आणि बाकीचे माना डोलावतात. तो किती तास स्टिअरिंगवर होता, ब्रेक कधी तपासले होते, अलिबागचा फाटा रात्री नीट दिसतो का, हे कुणी विचारत नाही. क्रेन येते, ट्रॅफिक सुटतं, विषय संपतो. टपरीवर हे चालून जातं. पण देशाचं नौदल लढाऊ विमानांच्या अपघातांबद्दल आपल्याला याहून फार जास्त सांगत नाही, हे मला चालून जात नाही.

२४ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण चीन समुद्रात अमेरिकेचं एफ-३५सी विमान ‘कार्ल विन्सन’ या विमानवाहू जहाजावर उतरताना डेकच्या मागच्या कडेवर आदळलं, घसरत गेलं आणि समुद्रात पडलं. वैमानिक इजेक्ट झाल्यामुळे वाचला. तो धरून सात जण जखमी झाले. व्हिडिओ फुटला, आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस हसणं चाललं होतं: शंभर मिलियन डॉलरचं विमान आणि उतरवता येत नाही! हसणाऱ्यांत मीही होतो.

वर्षभरानंतर अमेरिकी नौदलाने चौकशीचा अहवाल जाहीर केला. वैमानिकाची नावगाव झाकलेली, पण घटनाक्रम उघडा. त्याने नेहमीपेक्षा झटपट उतरण्याची पद्धत वापरली, तीही पहिल्यांदाच. त्या घाईत उतरायला मदत करणाऱ्या स्वयंचलित प्रणाली चालू करायच्या राहिल्या. चूक वैमानिकाची, पण बेफिकिरी नव्हे, असं अहवालाने स्पष्ट म्हटलं. ते वाचल्यावर माझं हसू ओसरलं.

आता आपल्याकडे बघू. मिग-२९के हे नौदलाचं विमान २०१० साली सेवेत आलं. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या तीन वर्षांत गोव्यात आणि गोव्याच्या समुद्रात अशी चार विमानं पडली. सगळी जहाजावर उतरताना पडली असं नाही. पण विमान तेच, आणि ते घेतलंय याच कामासाठी. जहाजावर उतरणं म्हणजे दोन-अडीचशे किलोमीटरच्या वेगाने येऊन हलत्या डेकवर ताणलेली तार शेपटाखालच्या हुकात अडकवायची आणि शंभरेक मीटरमध्ये थांबायचं. तार चुकलीच तर पुन्हा उडता यावं म्हणून चाकं टेकताच इंजिन पूर्ण जोरात टाकायचं. अशा वेळी इंजिनाने दगा दिला तर सुधारायला वेळच नसतो.

आणि इंजिनांची कथा काय होती? ती कॅगने २०१६ साली लिहून ठेवली आहे. ६५ इंजिनांपैकी ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढावी किंवा नाकारावी लागली होती. उड्डाणाला तयार विमानांचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान होतं. हे छापून आलं म्हणून कुठल्या शत्रूने गोव्यावर हल्ला केला नाही.

२६ नोव्हेंबर २०२०. संध्याकाळी पाचच्या सुमारास मिग-२९केचं प्रशिक्षण विमान अरबी समुद्रात पडलं. एक वैमानिक सापडला. कमांडर निशांत सिंग यांचा मृतदेह अकरा दिवसांनी मिळाला. हे तेच निशांत सिंग, ज्यांनी त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये लग्नाची परवानगी मागणारं मिश्किल पत्र वरिष्ठांना लिहिलं होतं. ते पत्र देशभर फिरलं. आपण सगळ्यांनी ते वाचलं, हसलो, पुढे ढकललं. त्यांच्या मृत्यूचं कारण सांगणारा अहवाल मात्र आपल्यापुढे आला नाही. ‘चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत’ हे वाक्य आलं, आणि तिथेच पूर्णविराम.

मी तेव्हा वडखळच्या घरातून नोकरी करत होतो, नवखा होतो. आमच्या कंपनीत रात्री सर्व्हर पडला की सकाळी ‘पोस्टमॉर्टेम’ लिहावं लागतं: काय झालं, कधी कळलं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. एकदा माझ्या हातून पेमेंटचं पान चाळीस मिनिटं बंद पडलं. त्याचं अडीच पानांचं पोस्टमॉर्टेम पूर्ण टीमने वाचलं. कुणी मेलं नव्हतं, काही लोकांना रिचार्ज पुन्हा करावा लागला इतकंच. एका रिचार्जला अडीच पानं, आणि एका वैमानिकाला एक वाक्य?

‘हा संरक्षणाचा विषय आहे, तुला काय कळतं?’ हा प्रश्न मला घरातही ऐकायला मिळाला आहे. रडारची क्षमता, शस्त्रं, मोहिमेची जागा झाका ना, कुणी अडवलंय? पण इंजिन बंद पडलं की माणूस चुकला, इजेक्शन सीट चालली की नाही, आधीच्या अपघातानंतर सुचवलेली दुरुस्ती झाली होती की नाही, यात शत्रूच्या कामाचं काय आहे? झाकपाकीने वाचते ती आपलीच यंत्रणा.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. त्याच २०२० साली ऑगस्टमध्ये कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेलं, २१ जण गेले. चालवत होते कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातून आलेले, मोठ्या अनुभवाचे. पुढच्याच वर्षी अहवाल जाहीर झाला. त्यात त्यांची चूक लिहिली आहे, आणि पावसात बंद पडलेला वायपर व यंत्रणेतल्या उणिवाही लिहिल्या आहेत. मृताचा मान राखूनही खरं सांगता येतं. मग वर्दी चढवली की सत्य गुपित का होतं?

११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी नौदलाचं तेजस ‘विक्रमादित्य’वर उतरवलं, तेव्हा आपण छाती फुगवली, आणि ते योग्यच होतं. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-मरीनचा, सुमारे ६३ हजार कोटींचा करार झाला. ती विमानं याच डेकवर उतरतील, कुणाची तरी पोरं ती उतरवतील. उतरल्याचा व्हिडिओ दाखवता, तर पडल्याचा अहवालही दाखवा. मुदत ठरवा, संसदेत मांडा, झाकायचं ते झाका, पण उरलेलं छापा.

नाहीतर आम्ही आमच्या टपरीवर बसून ठरवूच, ‘डायवरला झोप लागली असणार’ म्हणून. आणि जो गेला, तो उलट काही सांगायला येणार नाही.